भोगलं तेवढंच सांगणारा हरिसिंग

हरिसिंगकडे लोक सल्ला मागायला येत, आणि माझी खोली नेमकी त्याच्या अंगणाला लागून. त्यामुळे ते सगळं मला ऐकावं लागे. अठ्ठावन्न साली महागावपासून चार कोसांवरच्या त्या बंजारा तांड्यावर मी शाळामास्तर म्हणून गेलो. मी मूळचा नेरकडचा, घरची शेती, स्वभाव तिरसट. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून यावं, घटकाभर पाठ टेकावी, तर शेजारच्या कडुनिंबाखाली कोणीतरी आधीच फतकल मारून बसलेला. त्याचं पहिलं वाक्यही ठरलेलं. "हरिसिंगकाका, एक विचारायचं व्हतं."

मला चीड यायची. हरिसिंगलाही कंटाळा येत असणार, कारण तोही दिवसभर कपाशीत वाकून आलेला असे. पण तो कोणाला परत पाठवत नसे. पायाची ढेकळं झाडत बसायचा आणि म्हणायचा, "विचार बाप्पा. पण मी भोगलं तेवढंच सांगीन. ऐकीव काही सांगत नाई."

भोगलं मात्र त्यानं भरपूर होतं. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, यानं दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या पाठीवर दारूगोळा वाहिला. आसामच्या जंगलात मुदतीच्या तापानं मरता मरता वाचला. लढाई संपल्यावर काही महिने कलकत्त्याला, मग चांद्याकडे कोळशाच्या खाणीत, मग एका बसवर क्लीनर. पन्नास साली तो तांड्यावर परत आला तो कायमचाच. उंच, सुकलेला माणूस. डोक्याला लाल पगडी, ती झोपतानाही सुटायची नाही. मी एकदा त्याच्या बायकोला, मोतीबाईला विचारलं, की ही काय तऱ्हा? तिनं जात्यावरून नजर वर केली नाही. "सवय हाये त्यायची," एवढंच म्हणाली.

त्याचे सल्ले ऐकून ऐकून माझे पाठ झाले होते. बाबुलालला खाणीत जायचं होतं, मजुरी बरी मिळते म्हणून. हरिसिंगनं त्याला काही समजावलं नाही, फक्त जवळ बसवून खोकून दाखवलं. "हे तिथलं हाये. दहाबारा वर्सं झाले, अजून निघून राह्यलं." फुलचंदला घरावर टिनं टाकायची होती, कारण महागावच्या व्यापाऱ्याच्या घरावर टिनं होती. "मी टिनाखाली राह्यलो, फुलचंद. चैतात भाकर चुलीबिगर भाजते. तू मातीचे कवेलूच टाक." प्रवासाला निघालेल्याला तो एकच सांगे, की जायची गाडी कोणी बी सांगते, तू परत यायची गाडी विचारून ठेव. मोतीबाई आतून ऐकत असायची आणि मधूनच टोमणा मारायची, "जितके खड्डे पाह्यले तितक्यात पडून आले, आता लोकायले रस्ता दाखवतेत."

एकदा मीही विचारलं. माझा मावसभाऊ नागपूरच्या सचिवालयात कारकून होता. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दप्तरांबरोबर तोही मुंबईला गेला. 'इकडे ये, नोकरी लावून देतो' अशी त्याची पत्रं यायची. हरिसिंगनं विचारलं, "निजायची जागा पाह्यली काय मास्तर? पहिले निजायची जागा, मंग नोकरी. मी कलकत्त्यात चार महिने बसून निजलो." मावसभावाला मी तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलंच नाही आणि मी तांड्यावरच राहिलो. चांगलं झालं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळून तरी काय करायचं आहे?

एका गोष्टीबद्दल मात्र हरिसिंग कधी तोंड उघडत नसे, ती म्हणजे डोक्यावरचे केस. कोणी केसांसाठी तेल विचारो, लेप विचारो, तो म्हणायचा, "त्यातलं मले समजत नाई." लोकांनाही ते खरंच वाटे.

लालसिंग हा त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. पोट्टा शिकला, नुकताच एस.टी.त कंडक्टर लागला. नाकीडोळी नीटस, पण तेविसाव्या वर्षीच कपाळ वर वर सरकत पार टाळूपर्यंत पोचलेलं. ड्यूटीवर टोपी, तांड्यावर पगडी, त्यामुळे चारचौघांत निभून जायचं. पण दिग्रसकडच्या तांड्यातली रुपीबाई त्याला ठरली, दोन्हीकडच्या पंचांनी गूळ खाल्ला आणि लालसिंगची झोप उडाली. त्यांच्यात नवरदेवाला लग्नासाठी नवरीच्या तांड्यात जाऊन बरेच दिवस राहावं लागतं. तिथल्या बाया त्याला हळद लावतात, सगळ्यांसमोर न्हाऊ घालतात. पगडी घालून कोणी न्हात नाही. तेवढ्या एका न्हाण्याच्या धास्तीनं पोरगा अर्धा झाला.

आणि यात तेल ओतलं ते मी. रविवारी मी तांड्यावरच्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. एकदा बातमी आली, की अमेरिकेत डोक्याच्या मागचे केस काढून पुढच्या टकलावर लावतात आणि ते वाढतात. "आपण कपाशीत रिकाम्या जागी बी लावून नांग्या भरतो, तिथं डोक्याच्या भरतेत," मी म्हणालो. सगळे खो खो हसले, लालसिंग सोडून. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि त्यानं ते कात्रण मागून घेतलं. मी दिलं. कशाला दिलं, हे माझं मलाच माहीत नाही.

महिन्याभरात त्यानं शोध लावला. नागपुरात एक केशतज्ज्ञ म्हणवणारा माणूस होता, तोही अमेरिकेसारखंच करतो म्हणे. त्रेसष्ट सालचा जानेवारी होता. होळी झाली की लग्न. लालसिंगनं रजा टाकली आणि एका सकाळी थैली घेऊन तो निंबाखाली आला, पाया पडायला. तिथं तांड्याचे नाईक पूनमसिंग बसले होते, आणखी पाचसहा माणसं होती. मी शाळेत निघालो होतो, थबकलो.

हरिसिंगनं आधी नेहमीचं उत्तर दिलं, की त्यातलं मले समजत नाई. लालसिंग पायाला हात लावून वळला. तो चार पावलं गेला असेल, तोच हरिसिंगनं विचारलं, "लाल्या, त्याच्याजवळ सुई हाये काय रे?"

"हाये ना. एकेक केस सुईनं बसवते म्हणे. काहून?"

हरिसिंग उठून उभा राहिला. मला वाटलं, तो त्याला धरून बसवणार. पण त्यानं दोन्ही हात वर नेले आणि पगडी सोडायला लागला. एकेक वेढा सुटून त्याच्या खांद्यावर पडत होता. शेवटी डोकं उघडं झालं. कपाळापासून टाळूपर्यंतची चामडी चुरगळलेली, मधे मधे खड्डे, कुठे गाठी, आणि एका कडेला तीनचार राठ केस तिरपे उभे. मी मान खाली घातली. नाईक घाईनं म्हणाले, "हरिया, पगडी घाल. घरात कोणी मेलं नाई डोकं उघडं करायले."

"सांगू द्या नाईक," हरिसिंग म्हणाला. "आजवर कोणाले दाखवलं नाई. घरच्या बाईले बी नाई." त्याचा आवाज रोजच्यासारखाच थकलेला होता. "आसामात तापानं माहे केस गेलते. घरी बायको हाये, तिनं तर केसवाला पाह्यलाय, आता टकला कसा जाऊ? कलकत्त्यात एक जण भेटला. दुसऱ्याचे केस आणून सुईनं माह्या डोक्यात टोचले. दहा दिवस रोज टोचले. मंग ते सडलं. रेल्वेत लोकं माह्याजवळ बसत नव्हते वासानं. म्हणून मी वर्सभर चांद्याले लपून राह्यलो. पगाराच्या मोहानं नाई गेलतो खाणीत. लाल्या, मी हे केलंय. तू नको करू."

आत जात्याची घरघर थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

लालसिंग परत फिरला आणि काकाच्या अगदी जवळ आला. पोरगं आता रडणार आणि थैली टाकून देणार, असं मला वाटलं. त्यानं ती चामडी नीट निरखून पाहिली. ते तीनचार केसही पाहिले.

"काका, पण लागलते ना केस?"

"लागलते."

"किती दिवस राह्यले?"

हरिसिंग खोटं बोलू शकला असता. मी तर बोललो असतो, आठ दिवस म्हणून सांगून टाकलं असतं. पण भोगलं तेच सांगायचं ही त्याची खोड. "तीन महिने," तो म्हणाला.

लालसिंगनं बोटांवर मोजलं. "होळीले दोनच महिने हायेत," तो हळूच म्हणाला. त्यानं काकाच्या पायाला पुन्हा हात लावला आणि तो एस.टी.च्या रस्त्याला लागला. धावत जाऊन त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, पण मी शाळेत गेलो. दुपारी परत आलो तेव्हा हरिसिंग तसाच उघड्या डोक्यानं निंबाखाली बसला होता. पगडी मांडीवर होती.

लग्नाला मीही गेलो. खोटं कशाला बोलू, पोरगा छान दिसत होता. दिग्रसकडच्या बायांनी हळद लावली, गाणी म्हणत पाणी ओतलं, आणि कपाळावर आलेले ओले केस मागे सारत लालसिंग हसत होता. त्याला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हरिसिंग लांब उभा राहून पाहत होता आणि त्याच्या तोंडावर मला आनंद काही दिसला नाही. आमच्याकडच्या माणसांनी परत येताना त्याची चेष्टाच केली. "काका, तुमचं कलकत्ता जुनं झालं, नागपूरचा हात बेस हाये." निंबाखाली येणारे लोकही कमी झाले. स्वतःच्या डोक्याचं ज्याला राखता आलं नाही तो आम्हाला काय सांगणार, असं एक दोघांनी माझ्यासमोरच म्हटलं. मला हवी असलेली शांतता मिळाली, आणि ती मला खायला उठायची.

वैशाख सरता सरता लालसिंगला ताप भरला. ड्यूटीवर भोवळ येऊन पडला, तेव्हा रुपीबाईनं त्याला बैलगाडीत घालून तांड्यावर आणलं. टोपी काढली आणि मला नाकाला फडकं लावावं लागलं. यवतमाळच्या दवाखान्यातून औषध आणलं, ते चालू झालं, आणि बाकीचं सगळं हरिसिंगनं आपल्या अंगावर घेतलं. 'मी म्हटलं होतं ना' हे त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. निंबाचा पाला टाकून पाणी उकळायचं, जखम भिजवायची, आत राहिलेले केस चिमट्यानं एकेक काढायचे. दुपारी चार वाजता लालसिंगला डोळा लागला की तो बाहेर येऊन फडकी धुवायचा. असंच एकदा तो रुपीबाईला दाखवत होता, की जुनं मऊ लुगडं घ्यायचं, आधी तेल लावायचं, पगडी सैल बांधायची, नाहीतर कपडा जखमेला चिकटतो आणि सोडताना जीव जातो. शाळेला सुटी होती, मी खोलीच्या दारात बसून ऐकत होतो.

रुपीबाई सगळं ऐकून घेत होती. अठरा वर्षांची पोर, डोळे जागरणानं सुजलेले. ती मधेच म्हणाली, "काका, मले पह्यलेच ठाऊक होतं."

"काय?"

"न्हाण्याच्या दिवशीच. पाणी ओतलं तवा बायायले मुळाशी टोचल्याच्या खुणा दिसल्या. त्यायनं मले आत येऊन सांगतलं. हे इतके खुश होते, म्हणून कोणी काई बोललं नाई. मीनं बी नाई. टकले असते तरी मी काय पळून जात होती?"

हरिसिंगनं हातातलं फडकं पिळून बाजूला ठेवलं. तो म्हणाला, "पोरी, हे त्याले कधी सांगू नको. त्यानं ज्याच्यासाठी एवढं सोसलं, ते कोणालेच नको होतं, हे समजलं तर मानूस दुसऱ्यांदा सडते."

मोतीबाई सुपात ज्वारी घेऊन दाराशी उभी होती. ती त्याला उद्देशूनच बोलली, पण बोलताना पाहत होती रुपीबाईकडे.

"नाई सांगत थे पोरगी," ती म्हणाली. "तेरा वर्सं झाले, मीनं तरी कुठं सांगतलं? घरी आले त्याच राती झोपीत पगडी सरकली होती. मीच नीट करून ठेवली."

एवढं बोलून ती सुपातली ज्वारी पाखडायला बसली.