वाढत्या अंगाची दुमड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंपीमास्तरांचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला डळमळीत स्टूल. समोरच्या शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं तेच शिवत. वाढती अंगं म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवायची, हा त्यांचा नेम. पोर उंच झालं की दुमड सोडायची, आणखी एक वर्ष निघे.

"मास्तर, अशानं तुमचंच काम कमी होतं," मी एकदा म्हटलं.

"होऊ दे की. पोरं काय संपणार आहेत?"

शाळा उघडताना झुंबड उडते म्हणून सगळ्या मापांच्या गणवेशांचं किरमिजी कापड ते सुट्टीतच कापून ठेवत.

त्याच शाळेत जाणारी त्यांची नात भिंगरी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. त्या दिवशी धड्यात 'बोल्ट फ्रॉम द ब्लू' आलं. मी सांगितलं, "आभाळ स्वच्छ असावं आणि वीज पडावी, तसं. ध्यानीमनी नसताना सगळं पालटतं, तेव्हा वापरायचं."

तिनं वाक्य केलं, अचानक आत्या आली.

"अगं, आत्या येण्याला हे फार होतं."

"आमच्या आत्याला नाही होत," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसले असताना एक आई दप्तराची चेन बसवून घ्यायला आली. जाता जाता म्हणाली, "गणवेश नको हं यंदा. राखाडी झालाय ना, कंपनीच शिवून देणार आहे. काल फी भरायला गेले तेव्हा कळलं. तुम्हाला ठाऊक नाही?"

मास्तरांच्या हातातली कात्री हातातच राहिली. टेबलाखाली किरमिजी कापडाचे गठ्ठे होते, सगळे कापलेले. कापलेलं कापड कुणी परत घेत नाही.

ते शाळेत निघाले, मीही सोबत गेले. मुख्याध्यापिका चपापल्या. "मला वाटलं, क्लार्कनं सांगितलं असेल." क्लार्कला वाटलं होतं, शिपाई रोज मास्तरांकडे बसतो, तोच बोलला असेल. शिपाई म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट मी कशी सांगणार, मास्तर? म्हटलं, मोठ्यांनी सांगितलीच असेल."

बाईंनी चहा मागवला. मास्तर तो प्यायले. भांडावं तरी कुणाशी?

संध्याकाळी शिकायला आल्यावर भिंगरीनं मला विचारलं, "आजी, शाळेत तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मग याला बोल्ट फ्रॉम द ब्लू म्हणता येईल?"

"ज्याच्यावर वीज पडली, त्याचं आभाळ स्वच्छ होतं का, एवढंच बघायचं."

"मग आजोबांचं वाक्य लिहू?"

"आत्याचंच राहू दे," मी म्हटलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी भिंगरीचा राखाडी गणवेश आला. स्कर्ट गुडघ्याच्या बराच वर राहत होता.

"आण इकडे, खाली सोडून देतो," मास्तर म्हणाले. चष्मा लावून त्यांनी एकेक टाका उसवला. दुमडीत बोटभरही कापड नव्हतं. त्यांनी ती कड अंगठ्यानं दोनदा ताणून पाहिली.

"राहू द्या आजोबा," भिंगरी म्हणाली. "सगळ्यांचा असाच आहे."

मास्तरांनी सुईत राखाडी दोरा ओवला आणि ती दुमड होती तशी परत घालायला घेतली.