मामंजी आणि विलायतेचे पंतप्रधान

नेकनूरजवळच्या आमच्या गावात माझे सासरे सरपंच होते. तीन निवडणुका जिंकले, चौथ्या वेळी पडले. गावात नळ त्यांनीच आणला होता, तरी पडले. त्यानंतर त्यांनी पारावर बसणं सोडलं. मी त्यांना मामंजी म्हणते. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं चहा-जेवणापलीकडे कधी गेलं नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पेपर वाचणं बंद झालं. मी बीडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. त्या दिवसांत ब्रिटिश पंतप्रधानांवर टिपणं काढत होते आणि ओसरीत बसून ती मोठ्यानं वाचायचे. एका संध्याकाळी काळ्या चष्म्याआडून आवाज आला, "सूनबाई, हे कोण म्हणायचे?"

"विलायतेचे पंतप्रधान, मामंजी."

"वाच. ऐकतो."

कुणी कोणते कायदे केले, यात त्यांना गोडी नव्हती. "ते ऱ्हाऊ दे. गेला कसा ते सांग," म्हणायचे. कुणाला त्याच्याच पक्षानं घालवलं. एकीला जेमतेम दीड महिना खुर्ची लाभली.

"दीड म्हैना? तेवढ्यात तर दप्तरबी समजत न्हाई!" ते माझ्यासमोर पहिल्यांदाच मोकळे हसले.

दुसऱ्या दिवशी महायुद्धातल्या पंतप्रधानाची पाळी आली. युरोपातली लढाई जिंकून तीन महिनेही झाले नव्हते, तोच लोकांनी त्याला निवडणुकीत हरवलं.

"लढाई जिंकूनबी? कावून?"

"लोकान्ला आता घरं, दवाखाने, कामं पाह्यजे होती. ते दुसरे देतील असं वाटलं."

त्यांनी काळा चष्मा नीट केला. "म्हंजे माणसावर राग नव्हता," एवढंच म्हणाले.

त्या पराभवाची कारणं मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. हरलेल्या माणसाला त्यांतलं कोणतं कारण ऐकणं सोसेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"असे गेलेले मंग करतात काय?"

"काही घरी बसतात. एक-दोघं तर नंतर दुसऱ्या पंतप्रधानाच्या हाताखाली मंत्री झाले."

"लाज न्हाई वाटली?"

"वाटली असंल. पण काम येत होतं त्यान्ला."

चार दिवसांनी गावाचं पाणी बंद पडलं. जुन्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुठं पुरलाय, हे मामंजींनाच ठाऊक. त्यांना हरवून सरपंच झालेली बाई, माझ्याच वयाची, आमच्या दारात आली. मागं एकदा आली होती तेव्हा 'झोपलेत म्हणून सांग' असं त्यांनी मला आतून खुणावलं होतं. या वेळी ते उठले आणि पायानं चप्पल चाचपू लागले.

"मामंजी, डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणलंय."

"चष्मा हाय की. तू हात धर."

मी हात धरला. ओढ्याकाठी त्यांनी दाखवलेल्या दोन जागी खणलं, पण व्हॉल्व्ह लागला नाही. लोक कुजबुजायला लागले. तिसऱ्या खड्ड्यात टिकाव लोखंडावर वाजला.

दुसऱ्या दिवशी नळ आले. "मामा, मिटिंगला येत जा," सरपंचबाई म्हणाल्या. दोनदा बोलावणं आलं, पुढं त्या विसरल्या. मामंजींनीही आठवण करून दिली नाही.

मात्र त्या दिवशी ओढ्यावरून परतल्यावर, मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होते तेव्हा ते म्हणाले, "तिला कामातलं लई कळत न्हाई. पण इचारायला आली, हे बरं हाय."