मृण्मयीची ताटं

"पाहून लिहा ताई. ऐकून नका लिहू."

आमच्या भांड्यांच्या दुकानात आले की ते गृहस्थ पहिलं वाक्य हेच बोलायचे. मग शर्टाच्या खिशातून एसटीच्या पासचं जुनं प्लास्टिकचं पाकीट काढायचे, काउंटरवर ठेवायचे, दोन बोटांनी सरळ करायचे आणि माझ्याकडे फिरवायचे. पाकिटात घडी घातलेला वहीचा कागद. त्यावर जांभळ्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, मृण्मयी.

जळगाव जामोदला आमचं दुकान आहे. गल्ल्यावर माझे यजमान बसतात आणि भांड्यांवर नावं मी टाकते. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी माझं अक्षर पाहून नावं टाकायची मशीन माझ्या हातात दिली, ती अजून सुटली नाही. तालुक्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे, हे मी जरा फुशारकीनंच सांगते. तेव्हा कुणी मलाच 'पाहून लिहा' म्हणालं की माझं डोकं फिरतं. ते पहिल्यांदा आले त्या दिवशीही फिरलं.

सोनाळ्याकडच्या एका लहान गावातून ते बसनं आले होते. थोडी संत्र्याची झाडं, थोडी कपाशी, एवढी शेती. अंगात स्वच्छ धुतलेला, कॉलर विरलेला पांढरा शर्ट. एक्कावन्न ताटं घ्यायची होती, गावच्या पंगतीसाठी. आमच्याकडे गावोगाव अशी सामाईक भांडी असतात. कुणी ताटं देतं, कुणी भाजीचे मोठे गंज, म्हणजे पातेली देतं, आणि देणाऱ्याच्या मनातलं नाव त्यावर राहतं.

"नावाच्या आधी काय टाकू?" मी विचारलं.

"कुमारी."

"पोरीचं लग्न हाय का भाऊ?"

"नाही. तिच्या नावानं गावाले देतो."

पोरगी पहिली-बिहिली आली असेल, असं मी मनात धरलं आणि मशीन सुरू केली. ते चहा प्यायला गेले. पहिलं ताट मी कागद पाहून केलं. दुसऱ्यापासून पाहायची गरज वाटली नाही. इतक्या वर्षांचा हात, एक नाव किती वेळा पाहायचं?

चहा पिऊन आले ते थेट ताटांपाशी बसले. चष्मा लावला. पहिलीतलं पोरगं वाचतं तसं एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचू लागले. दुसऱ्याच ताटावर त्यांचं बोट थांबलं.

"ताई, हे तिचं नाव नाही."

मी पाहिलं. अर्धा 'ण' हवा होता, तिथे मी अर्धा 'न' टाकला होता. एका ताटावर नाही, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत सगळ्या नऊ ताटांवर. चूक माझी होती, आणि चूक आपली असली की आपण जास्तच ताठ बोलतो. तुम्हीही बोलत असाल.

"एका अक्षरानं काय फरक पडते भाऊ? वाचणाऱ्याले समजते."

त्यांचं बोट त्या अक्षरावरून हलेना. मग मीच म्हणाले, "बरं, काट मारते अन् खाली नीट टाकते." आमच्या धंद्यात हेच करतात. चुकलेल्या नावावर दोन रेघा ओढायच्या आणि खाली नवीन नाव टाकायचं. तक्रार कुणीच करत नाही. मी मशीनचं टोक ताटाला लावणार, एवढ्यात त्यांनी आपला अख्खा पंजा त्या नावावर ठेवला. टोक त्यांच्या नखावरून घसरलं.

"काट नका मारू!"

इतक्या मोठ्यानं ओरडले की गल्ल्यावरून यजमान उठून उभे राहिले. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. हळू आवाजात म्हणाले, "चुकलं तं चुकलं. राहू द्या. हे नऊ मी घरी नेतो. गावासाठी दुसरे नऊ काढा."

ते गेल्यावर मी यजमानांना म्हटलं, "काय विक्षिप्त माणूस आहे!" यजमान म्हणाले, "गिऱ्हाईक आहे." त्यांच्या लेखी माणसांचे प्रकार तेवढेच.

पुढच्या वर्षी संत्री उतरली तसे ते पुन्हा आले. त्यानंतर दर वर्षी. कधी वाट्या, कधी पेले, कधी पीठ मळायचं मोठं कोपर, म्हणजे परात. येताना पिशवीत दोन संत्री माझ्यासाठी असायची. तीच पाकीट फिरवायची रीत, तेच वाक्य. मी कुरकुरत का होईना, पाहून लिहू लागले.

नाव टाकत असताना ते समोर स्टुलावर बसून पोरीच्या नावाच्या गमती सांगायचे. नाव तिच्या आईनं ठेवलं. आई दहावीपर्यंत खामगावला मामाकडे शिकलेली, तिथे वर्गात या नावाची एक हुशार मुलगी होती. बारशाला आत्याबाईला नाव उच्चारताच येईना. तिनं पाळण्यात तोंड घालून भलतंच काहीतरी सांगितलं, म्हणून बाळ रडलं, असं त्यांचं म्हणणं. अंगणवाडीच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यात दुसरं, आधारवर तिसरं. "माह्या घरात पोरगी एक अन् कागदावर तीन," असं म्हणून ते हसायचे. दर वेळी ते दुरुस्तीला जायचे आणि दर वेळी भांडण करून यायचे. शाळेत बक्षिसाच्या दिवशी सरांनी नाव असं काही पुकारलं की पोरगी उठलीच नाही. शेवटी हे मागून उभे राहून ओरडले, "अवो, थे माही पोरगी हाय, तिचं नाव नीट घ्या!" सगळी शाळा वळून पाहू लागली.

"मंग तुमची पोरगी काय म्हणाली?"

"काय म्हणते? तोंड लपवून बसली. घरी आल्यावर म्हणे, बाबा, जाऊ द्या ना. मले समजते ना थे मीच हावो."

तिच्याबद्दल बोलताना ते नेहमी असंच, मागचं सांगावं तसं बोलायचे. म्हणे, हसे, बसे. मला कधी काही खटकलं नाही. मी एकदाही विचारलं नाही की आता ती कितवीत आहे, काय करते. गिऱ्हाइकाशी बोलताना आपला एक कान मशीनकडे असतो.

एकदा मी त्या नऊ ताटांचं विचारलं. म्हणाले, "त्यातच जेवतो आम्ही. एकात मी, एकात तिची आई. बाकीचे आल्यागेल्याले."

पुढे माझ्या मामेबहिणीच्या सासरी, म्हणजे त्यांच्याच गावी, मी रोडग्यांच्या जेवणाला गेले. देवळासमोर पंगत बसली होती. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. समोर ताट आलं आणि काठावर माझं अक्षर दिसलं. मला बरं वाटलं. तेवढ्यात वाढणारा एक जण मागे वळून ओरडला, "अजून तीस मुरनमई आणा!" त्या गावात त्या ताटांना पोरीच्याच नावानं हाक मारतात. मी पाहिलं, ते बाजूला भांडी धुवायच्या जागी बसले होते. धुतलेलं एकेक ताट हातात घेऊन नावावर बोट फिरवत होते. नाव असं मोडून घेतलेलं ऐकूनही ते कुणाला काही बोलले नाहीत. मी उठून त्यांच्यापाशी गेले, तसे ते मला पाहून हसले. "बोलणाऱ्याले म्या काही म्हणत नाही ताई. ज्याची त्याची जीभ. लिहिलेलं बरोबर पाह्यजे. लिहिलेलं राह्यते."

परत जागेवर येऊन मी बहिणीला सहज विचारलं, "या भाऊची मृण्मयी काय करते आता?"

बहीण भाजी वाढत होती. तिचा हात थांबला.

"तुले माहीत नाही? नववीत होती तेव्हा गेली. ताप आला. खामगावले नेलं, तिथून अकोल्याले. चौथ्या दिवशी आणली."

मी हातातला घास ताटात ठेवला. बहीण माझ्याशेजारी टेकली आणि हळू आवाजात पुढचं सांगू लागली. रेशनकार्डावरून पोरीचं नाव कमी करायला हे स्वतः गेले होते. तिथल्या माणसानं यांच्यादेखत लाल पेननं नावावर आडवी रेघ मारली. त्याचं कामच ते, तो काय करणार? पण घरी येऊन यांनी ते कार्ड बायकोला दाखवलं नाही, कित्येक दिवस धान्यच आणलं नाही. त्याआधी मृत्यूचा दाखला आला होता, त्यावरही नाव चुकलेलं. ते दुरुस्त करायला किती खेपा घातल्या, याचा हिशेब नाही. एका बाबूनं म्हटलं होतं, आता काय फरक पडते काका?

हेच वाक्य मीही बोलले होते. शब्दसुद्धा जवळपास तेच. आणि वर मशीनचं टोक घेऊन त्यांच्या पोरीच्या नावावर काट मारायला निघाले होते. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

त्या वर्षी ते आले तेव्हा मी काहीच बोलणार नव्हते. पण पाकीट समोर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, पहिल्या खेपेले मी चुकली. अक्षरानंही अन् बोलण्यानंही."

ते बराच वेळ संत्र्याची पिशवी सोडत बसले. गाठ काही अवघड नव्हती.

"तुमचं अक्षर चांगलं हाय ताई," ते म्हणाले. "तिचं असंच होतं." आणि पाकिटातला कागद बोटानं दाबून म्हणाले, "हे तिनंच लिहेल हाय."

मी तो कागद इतकी वर्षं पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. 'य'ची शेपटी जरा लांब ओढलेली होती. मी त्या वर्षीच्या सगळ्या पेल्यांवर तशीच ओढली. त्यांनी एकेक पेला तपासला, बोट शेपटीवर जाऊन थांबलं. तेव्हापासून मी नेहमीच तशी ओढते.

गेल्या हिवाळ्यात बाजारात संत्री आली, संपत आली, तरी ते आले नाहीत. एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. सोबत त्यांचे भाऊ होते. बाईंनी काउंटरवर तेच पाकीट ठेवलं, दोन बोटांनी सरळ केलं आणि माझ्याकडे फिरवलं. मला विचारावं लागलं नाही.

"श्रावणात गेले," त्या म्हणाल्या. "वावरातून आले, बाजेवर बसले, पाणी मांगलं. म्या आणलं तवरोक..."

यजमानांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. एकवीस ताटं हवी होती. तिच्या ताटांमध्ये त्यांचीही असू द्या, म्हणाल्या. मी विचारलं, नाव काय टाकू, आधी 'कैलासवासी' टाकू का?

"त्याह्यचं नाव नका टाकू. त्या नावानं गावात कोण वळखते? 'मृण्मयीचे बाबा' टाका."

मग त्यांनी पाकिटातून कागद बाहेर काढला. मी तो कधीच बाहेर काढलेला पाहिला नव्हता. घड्यांवर तो विरला होता. त्यांनी तो जपून उलगडला. खालच्या अर्ध्या भागात, त्याच जांभळ्या पेननं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाबा, हे दाखवत जा. भांडू नका.'

"थ्या बक्षिसाच्या दिवशी लिहेल हाय," बाई म्हणाल्या. "सहावीत होती. तेव्हापासून कोणाशी भांडले नाही. दाखल्याच्या पायी इतल्या खेपा घातल्या, पण आवाज नाही चढवला. कागद ठेवत अन् उभे राहत."

फक्त एकदाच ते ओरडले होते, आमच्या दुकानात, माझ्यावर. ते मी बाईंना सांगितलं नाही.

कागद समोर ठेवून मी कामाला बसले. एक ताट, दोन ताटं. प्रत्येक अक्षर पाहून लिहीत होते. तरी आठव्या ताटावर डोळ्यांत पाणी आलं, कागद धूसर झाला आणि जिथे 'ण' हवा तिथे 'न' उमटला. इतक्या वर्षांनी, तीच चूक. सवयीनं माझा हात रेघ ओढायला पुढे गेला आणि तिथेच थांबला. मी मशीन बंद केली.

बाईंनी ताट ओढून घेतलं, अक्षरांखाली बोट फिरवलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरी नऊ हायेतच असे. हे दहावं."

"नाही," मी म्हणाले. "हे माह्याकडे राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताट परत दिलं. मी दुसरं ताट काढलं.

ते आठवं ताट आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी रोज त्यातच जेवते. नाव चुकलेलं आहे, पण काट मारलेली नाही.