नसलेल्या गावाची शील्ड

आमची वाडी कोणाला पटकन सापडत नाही. नेरडीगोंडा सोडून हायवेनं आदिलाबादकडे निघालं की एका बाजूला वांग्या-टमाट्याचे मळे लागतात, मग मारुतीचं देऊळ, थोडी घरं, आणि गाडीतल्या माणसानं मान वळवेपर्यंत वाडी मागे पडलेली असते. सरकारदरबारी आम्ही म्हणजे पुढच्या मोठ्या गावाचं शेपूट. वाडीला स्वतःचं नाव आहे, पण ते मी इथं लगेच लिहिणार नाही. इतकी वर्षं कोणाला विचारावंसं वाटलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यानंही जरा वाट बघावी.

माझी मुलगी दहावीला होती, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या राज्यात बायकांना बस फुकट झाली होती आणि जिकडे तिकडे त्याचं कौतुक चाललं होतं. आमच्या वाडीला मात्र बस थांबतच नव्हती. न थांबणाऱ्या बसमध्ये फुकट बसायचं तरी कसं? पोरी लॉऱ्यांच्या कडेकडेनं चालत मोठ्या गावाच्या थांब्यापर्यंत जायच्या. आदल्या वर्षी त्याच रस्त्यावर आमच्या शेजारणीला लॉरीनं उडवलं होतं, आणि तिला उचलून आणणाऱ्यांत माझा नवरा होता. त्यानंतर त्यानं सांगून टाकलं की पोरीची दहावी झाली की शिक्षण बंद. तो वाईट माणूस नाही. त्यानं जे पाहिलं होतं ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण पोरीला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, आदिलाबादला जायचं होतं, आणि मी तिला शब्द दिला होता.

थांब्यासाठी बस डेपोत अर्ज देऊन झाले होते. उत्तर ठरलेलं असायचं, की या नावाचं गाव आमच्या नोंदीत नाही, जवळच्या थांब्याचा लाभ घ्यावा.

त्याच सुमारास माझा धाकटा दीर आखाती देशातून कायमचा परतला. तो ज्या देशात होता तो आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात सहज मावेल एवढा. तिथं फुटबॉलची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा भरली, तेव्हा हा तिथंच होता, मैदानात खुर्च्या बसवणाऱ्यांच्या टोळीत. यजमानांचा स्वतःचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, तरी सगळं जग महिनाभर त्यांच्या दारात उभं होतं. ज्यांना तो देश कुठं आहे हे माहीत नव्हतं, त्यांची पोरंसुद्धा त्याचं नाव घ्यायला लागली. हे सगळं सांगून दीर मला म्हणाला, "वैनी, आपल्याले खेळता येत नसन तरी चालते. खेळवता आलं पायजे."

त्यानं दुसरंही सांगितलं. त्या चकचकीत खुर्च्यांखाली आपल्यासारख्यांचा घाम होता, आणि उन्हात पडलेले सगळेच काही उठले नाहीत. ते ऐकून माझं डोकं फिरलं. नाव मोठं करताना राबतो कोण, हे विचारलंच पाहिजे. आमच्यापुरतं मी ठरवून टाकलं की कबड्डीची स्पर्धा भरवायची, पण घाम आपलाच गाळायचा.

म्हातारे हसले. वाडीत कबड्डीचे सात धड गडी नाहीत आणि निघाले स्पर्धा भरवायला, असं देवळाच्या पारावर बोलणं झालं. गडी नव्हते हे खरंच होतं. पण खेळायला संघ लागतो, भरवायला फक्त जागा लागते, आणि जागा आमच्याकडे होती, तीही हायवेला लागून. आम्ही बायकांनी मळ्यातली माती चाळून, खडे काढून मैदान केलं. दिरानं पाणी मारलं, फक्कीनं रेषा आखल्या. संक्रांतीनंतरचा रविवार धरला.

खरी मेख बोलावण्यात होती. आजूबाजूच्या गावांचे संघ तर बोलावलेच, शिवाय बस डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा संघ खास माणूस पाठवून बोलावला. त्यांच्यात खेळापेक्षा पोटं मोठी होती. आमच्याकडे खेळायला आलेला संघ देवळात उतरवत नाहीत, एकेक पाहुणा एकेका घरी जेवायला देतात. ही वाटणी मी माझ्या हातात ठेवली. ज्या घरात शाळेत जाणारी पोरगी, त्या घराला डेपोचा माणूस.

आमच्या घरी एक तेलुगू ड्रायव्हर आला. ज्वारीची भाकरी, भरीत आणि ठेचा खाताना त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हात थांबत नव्हता. मला अक्का म्हणाला. पोरीची पुस्तकं बघून ती पुढे काय शिकणार ते विचारलं. ती धीटपणे म्हणाली, तुमची बस थांबली तर इंटर करीन. त्यानं अजून एक भाकरी मागितली.

मैदानावर माईक मोठ्या गावच्या एका मास्तरांकडे होता. ते दर वेळी आमच्या वाडीला त्यांच्या गावची वाडी म्हणत होते. दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा मी स्वतः गेले, माईक हातातून घेतला आणि वाडीचं नाव इतक्या जोरात घेतलं की हायवेवरच्या लॉरीवाल्यानं हॉर्न देऊन जबाब दिला. मास्तरांचा चेहरा पडला, पण त्यानंतर चुकले नाहीत.

डेपोचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. ते होणारच होतं, म्हणून शिस्तबद्ध संघाची शील्ड आम्ही आधीच करून ठेवली होती. चांगली हातभर उंच, आणि तिच्यावर वाडीचं नाव तेलुगूत आणि मराठीत, दोन्हीकडून. ती घेताना त्यांचा चढाई करणारा, पोट सुटलेला रेडर लहान पोरासारखा हरखला.

दुसऱ्या दिवशी पोरीनं रस्त्यावर उभं राहून हात केला. तोच ड्रायव्हर होता. त्यानं समोर बघितलं आणि बस तशीच पळवली. खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणून मी रस्त्यात उभी राहून त्याचा उद्धार केला. त्यानं ते ऐकलं नसणार, पण सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर स्वतःहून आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रेक मेरे पाँव में है अक्का, हुकुम ऑफिस में है."

दहावीचा निकाल लागला, पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. माझा नवरा पेढे घेऊन आला, पण पुढच्या शिक्षणाचं नाव काढीना. कॉलेज सुरू व्हायला आलं तेव्हा मी पोरीला घेऊन डेपो गाठला.

साहेब सभ्य होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. कॉम्प्युटरमध्ये शोधलं आणि तेलुगूत समजावलं की अशा नावाचं गावच नाही, तर थांबा द्यायचा कुठं? मी वर बघितलं. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर आमची शील्ड होती, प्लास्टिकच्या झेंडूचा हार घातलेली. संताप आला की मला तेलुगू सुचत नाही.

"साहेब, जे गावच नाही, त्याची शील्ड तुमच्या डोक्यावर काऊन लटकून राह्यली?"

पोरीनं तेलुगूत सांगितलं. साहेबांनी मान वळवून बघितलं. बहुधा पहिल्यांदाच वाचलं असावं.

"गाव नाही तं शील्ड बी नाही. काढून द्या, मी घेऊन जाते."

मी खुर्चीवर चढायला निघाले. तेवढ्यात बाजूच्या खोलीतून तो रेडर धावत आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मागून आणखी दोघे आले. मग कळलं की त्या डेपोनं आजवर कुठल्याच खेळात काही जिंकलं नव्हतं. भिंतीवर ती एकच शील्ड होती, आणि ती गेली तर खिळा उरणार होता. तिघं साहेबांशी भराभर तेलुगूत बोलले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पोरीला गावाचं नाव सावकाश सांगायला सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी नवरा टमाट्याच्या टोपल्या मोजायचं निमित्त करून रस्त्यावर आला होता. बस दिसली, हळू झाली, थांबली. पोरगी चढली. तो ड्रायव्हर माझ्याकडे बघून नुसता हसला. बस दिसेनाशी झाली तरी नवरा तिथंच उभा होता. मी मळ्यात गेले आणि वांग्यांच्या सरीत बसून पोटभर रडले.

लोक म्हणतात, यांनी खेळ खेळासाठी नाही, बससाठी भरवला. बरोबर आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? त्या छोट्या देशालाही लोक हेच म्हणतात, की नावासाठी केलं. नाव नसणं म्हणजे काय हे ज्यांनी कधी भोगलं नाही, त्यांना नावाची हाव दिसते. आम्हाला पोरगी रस्त्याच्या कडेनं चालताना दिसते.

तिच्या फुकट प्रवासाच्या शून्य तिकिटावर अजून मोठ्या गावाचंच नाव छापून येतं. मशीनमध्ये आमचं नाव नाही म्हणे. म्हणून यंदाच्या स्पर्धेला त्या मशीनवाल्या ऑफिसचा संघ बोलावलाय, आणि नवी शील्ड आत्ताच करून ठेवलीय.

आणि वाडीचं नाव? निर्मलहून आदिलाबादच्या साध्या बसमध्ये बसा, नेरडीगोंडा गेलं की कान उघडे ठेवा. कंडक्टर ओरडून सांगतो.