खाणीतली भरती

इनासने मला फसवलं. एकदा-दोनदा नव्हे, ज्या ज्या उन्हाळ्यात आम्ही वरसाव्याच्या बंद खाणीवर जिताडा धरायला गेलो, त्या प्रत्येक उन्हाळ्यात फसवलं. मला ते कळलं तो गेल्यावर, चर्चमधल्या त्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, समुद्रकाठच्या पाली गावात त्याच्याच ओट्यावर, हातात जेवणाचं ताट असताना. सिल्व्हर पार्कला माझं टाइल्स आणि नळांचं दुकान आहे. रायगडातून रिकाम्या हाताने आलो आणि घासाघीस करकरून ते उभं केलं. मला फसवणारा अजून जन्मायचाय, असं मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. तर तो कधीच जन्मला होता, माझ्या शेजारी बसून सुकट-भाकरी खात होता, आणि आता चर्चमागे शांत पडलाय.

ओळख झाली ती दुकानातच. डोलीवाल्यांच्या, म्हणजे समुद्रात डोल जाळं लावणाऱ्यांच्या घरातला धाकटा मुलगा, पण मासेमारीची बोट थोरल्या भावाकडे, आग्नेलकडे. इनास एका कारखान्यात फिटर होता. नळ घ्यायला आला. मी भाव सांगितला. तो काही बोललाच नाही. नळ हातात धरून, मान तिरकी करून नुसता उभा राहिला... आणि मीच बोलत बोलत भाव खाली आणला. तो गेल्यावर बराच वेळ मला कळेना की हे झालं कसं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, "शेट, आवाज लय भारी हाय तुझा. खाणीवर येतोस काय, मासं धराया?"

ती खाण लोकांना ठाऊक नाही असं नाही, पण तिच्यात वाकून बघणारे थोडे. दगड काढून काढून इतकी खोल गेली की एका पावसाळ्यात भरली ती परत आटलीच नाही. पावसात पाणी चहासारखं असतं. उन्हाळ्यात मात्र गाळ बसतो आणि ते काचेसारखं नितळ होतं. काठावरून पाहिलं की खाली पाणगवताचं जंगल दिसतं, उंच, हिरवं, जागच्या जागी डोलणारं, आणि त्याच्या मधून दोन कड्यांना जोडणारी एक मोकळी वाट. त्या गवतात जिताडे राहायचे. खाडीतला मासा डोंगराकडच्या गोड्या पाण्यात आला कसा, हे मी इनासला दरवर्षी विचारलं. "चालत," असं तो दरवर्षी सांगायचा. कुणी पिल्लं आणून सोडली असतील, पण कुणी, कशासाठी? मला प्रत्येक मालाचं मूळ ठाऊक असावं लागतं. या मालाचं अजून लागलेलं नाही.

आमच्या जागा ठरलेल्या होत्या. मी पश्चिमेच्या कातळावर, उघड्यावर. तो समोर उंबराच्या सावलीत, पाण्याला टेकून. "तुझ्याकडं खोल हाय, मोठा तिथंच," असं त्यानेच सांगितलेलं. पांढरा शर्ट घाल, ऊन कमी लागतं, हेही त्यानेच सांगितलं. आणि एक गोष्ट मला फार आवडायची. गळ टाकणारा कुठलाही माणूस शेजारच्याला गप्प बस म्हणतो. इनास म्हणायचा, "बोल ना, शेट. फिरत राहा, पाय जड होत्यात." मग मी कातळावर येरझाऱ्या घालत फोनवर मोरबीच्या टाइल्सच्या व्यापाऱ्याला हिंदीत झापायचो, हात उडवायचो, पाय आपटायचो. माझ्या गळाला कधी काही लागलं नाही. त्याच्या गळाला लागायचा. मी वैतागून जागा बदलूया म्हटलं की तो समजूत घालायचा, "नवा हायस. जरा धीर धर." इतक्या वर्षांनीही मी नवाच. संध्याकाळी मासा मधोमध कापून अर्धा मला द्यायचा, तोही डोक्याकडचा.

तर त्या दिवशी ओट्यावर आग्नेल वाढत होता. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "म्हंजे शर्टवाला तो तूच काय?" आणि पंगतीतली दोन-चार माणसं ताटात बघून हसली. मी ताट खाली ठेवलं. काय ते नीट सांग म्हटलं. आवाज चढला असावा, कारण आतल्या बाया दारात आल्या.

"रागावू नको," आग्नेल म्हणाला. "आम्ही डोलीवाले. आम्ही मासळीच्या मागं न्हाय धावत. खुंटाला जाळं बांधतो, तोंड उघडं ठेवतो आणि बसतो. भरतीचं पाणी मासळी आणून घालतं. आता खाणीत भरती कुठली? इनास सांगायचा, पाणी निवळ हाय, माशाला वरचं सगळं दिसतं. दुपार कलली की कातळावरच्या माणसाची सावली पार गवतावर पडते. मग मासा बिचकून त्या वाटेनं उंबराकडं सरकतो." आग्नेलला हसू आवरेना. "सगळ्या पालीला सांगायचा, माझी भरती सिल्व्हर पार्कला राहते, फोन केला की येते!"

मी न जेवता उठलो. गाडीवर बसलो तरी डोकं तापलेलंच होतं. पण वाटेतलं मुर्धा गाव मागे पडता पडता राग एका बाजूला राहिला आणि गेल्या उन्हाळ्याची आमची शेवटची खेप आठवायला लागली. इनासची फुप्फुसं तेव्हाच गेली होती. तरी त्याने फोन केला, "शेट, चल." आला तो हात हलवत, रॉड नाही, गळ नाही, काही नाही. मला कातळावर पाठवलं आणि स्वतः उंबराखाली बसून पाण्यात बघत राहिला. मी ओरडलो, "अरे, गळ कुठाय तुझा?" त्याने नुसता हात हलवला, बोलत राहा म्हणून. मी बोलत राहिलो. मग एकदम त्याने खुणेने बोलावलं, अगदी हळू ये म्हणून. मी कडा फिरून, दम टाकत त्याच्यापाशी पोचलो आणि वाकलो, तर नुसतं पाणी आणि गवत. "गेलं," तो म्हणाला, आणि हसता हसता खोकत राहिला. जातील नाही तर काय! माशांना तिथे आणणारा मीच कातळावरून उतरून आलो होतो.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळतेय. किती होते? एकामागे एक येत, की घोळक्याने? गवतातून बाहेर पडताना थांबत असतील का, वर बघत असतील का? इतके उन्हाळे जे मी हाकलत आणलं, ते मी एकदाही पाहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात एकटाच गेलो आणि उंबराखाली त्याच्या जागी बसून राहिलो. पाणी तसंच नितळ होतं. ती वाट सरळ माझ्या पायाशी येत होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं. समोरच्या कातळावर कुणी नव्हतं.

मी काय होतो, दोस्त की भरती, हे इनास आता सांगणार नाही. भरतीला कुणी डोक्याकडचा अर्धा वाटा देत नाही, एवढं मला व्यवहारातलं कळतं. पण माणूस आपली कामाची वस्तूही जपून ठेवतो, तेही कळतं. घासाघीस करायला समोर माणूस उरलेला नाही, म्हणून माझं येणं असं छापून मागतोय. आग्नेल, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानेही मला सांगितलं नाही. भावाच्या नावावरचं हे देणं आता तुझ्या घराने फेडायचंय, पाऊस येऊन ते पाणी गढूळ व्हायच्या आत. मी उंबराखाली बसणार आहे. पालीतून कातळावर उभं राहायला कोण येतंय, बोल.