आज येन कितीला?

वसईच्या बाजारात आमचं परदेशी पैसे बदलून देण्याचं छोटं दुकान आहे. मालक प्रकाशशेठ, सुनीता आणि मी. डॉलर-दिरहम इथे टिकत नाहीत, आले तसे जातात. साठतात ते किस्से! ते बदलून द्यायची सोय नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतो.

* * *

राजोडीच्या हिराबाई. मुलगा जहाजावर, तो सुट्टीवर आला की त्याचे डॉलर घेऊन या येणार. पहिल्याच खेपेला शेठनी रेट सांगितला.

"येवढाच? दोन रुपये चढव!"

"मावशी, रेट फिक्स असतो."

हिराबाई ताडकन उठल्या, थेट रस्त्यापर्यंत गेल्या. आम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. मग स्वतःच परत आल्या आणि शेठवरच डाफरल्या, "गिऱ्हाईक उठला की हाक मारायची आसते, येवढा पन ठाऊक नाय?"

तेव्हापासून शेठ हाक मारतात. रेट मात्र तोच!

* * *

नंदाखालच्या वसंतभाऊंची नारळाची वाडी. लेकाने त्यांना बालीला नेलं. परत आले ते तोंड पाडून.

"तीस हजार देऊन नारळपाणी प्यालो रे!"

"भाऊ, तिथले तीस हजार म्हणजे आपले दीडशेच्या आसपास."

"पैशाचं नाही रे. घरी बारा महिने फुकट पितो, अर्धं टाकून देतो. तिथे शेवटच्या थेंबासाठी शहाळं उलटं धरलं!"

* * *

ग्रेसमावशी कुवेतहून लेकाकडून आल्या आणि रविवारी चष्म्याशिवाय चर्चला गेल्या. दहा रुपये समजून दानात दहा दिनार टाकले! फादर परत द्यायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "दिलेलं परत कसं घेऊ?"

शेवटी फादर नोट घेऊन आमच्याकडे आले. रुपयांत जवळपास तीन हजार होतात हे ऐकून म्हणाले, "पुढच्या रविवारी सगळ्यांनाच चष्मे घरी ठेवायला सांगतो!"

* * *

आमच्या सुनीताला नोट उजेडात धरून बघायची सवयच लागलीय. एकदा भाजीवालीने परत दिलेली नोट तिने अशीच उन्हात धरली.

"ताई, नोट खरी हाय. तुमी भेंडी बघा!"

* * *

आणि जगन्नाथकाका. त्यांच्या लेकीला, मेघनाला, जपानमध्ये नोकरी करणारा मुलगा पसंत, त्याला ती पसंत. काकांची एकच अट: मुलाचा महिन्याचा पगार रुपयांत लाखाच्या वर राहिला तरच होकार. मोबाइलवरच्या रेटवर विश्वास नाही, म्हणून रोज आमच्या दारात. "आज येन कितीला?"

एक दिवस येन घसरला आणि पगार लाखाच्या खाली गेला. दुपारी मेघना आली, डोळे भरलेले. "शेठ, बाबांना थोडा वाढवून सांगा ना."

"रेट खोटा सांगणार नाही, पोरी."

ती मान खाली घालून गेली. मला शेठचा खरंच राग आला.

संध्याकाळी काका आले, तर भिंतीवरचा रेटचा बोर्ड बंद!

"बिघडला काय?"

"मीच बंद केलाय. रेट सांगतो, पण आधी तुम्ही सांगा. तुमचं लग्न ठरलं तेव्हा पगार किती होता?"

"पगार? तेव्हा नोकरी कुठे होती मला!" काका तोऱ्यात बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"मग सांगू आजचा रेट?"

काकांनी हातानेच शेठना थांबवलं आणि घरी फोन लावला.

"अगं, मेघनाला विचार. हॉल वसईत बघायचा की विरारला?"