आबांचा फेटा आणि कुत्र्यांचं पार्लर

पार्लर माणसांचं असो की कुत्र्यांचं, टेबलाखाली केस साठतात आणि टेबलाभोवती किस्से. केस रोज झाडून निघतात, किस्से काही निघत नाहीत!

माजलगावात मी कुत्र्यांचं पार्लर काढलं ते नेमकं दुष्काळात. पुण्याला नोकरी करणारी पोरं कुरळ्या केसांची मिश्र जातीची कुत्री हौसेनं घेतात आणि मग गावी आईबापांकडं आणून सोडतात. गिऱ्हाईक भरपूर, पाणी नाही. माझे सासरे आबा दूध संघाचे संचालक. भर उन्हातही फेटा न उतरवणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मान्सं टँकरमागं पळायलीत. कुत्र्यावर एक तांब्या सांडला, की शटर बंद!"

मग काय, नुसत्या कंगव्यावर धंदा!

*

असले कुरळे केस अंघोळीआधी मुळापासून विंचरावे लागतात, हे कुणाला पटायचं नाही. एक बाई पिण्याचं पाणी खर्चून कुत्र्याला न्हाऊ घालूनच आल्या. सगळे केस आवळून गच्च झालेले. आबा म्हणाले, "ह्ये कुत्रं हाय का घोंगडी?"

*

संघाच्या सभेत एकजण उठला. "संचालकाची सून टँकरच्या पान्यानं कुत्री धुती!"

आबांनी सगळ्यांना उठवून थेट पार्लरमध्ये आणलं आणि कुत्र्यांच्या अंघोळीचा टब दाखवला. "बघा बे! कोळ्यानं जाळं केलंय!"

शटर वाचलं. मला तर नाचावंसं वाटलं!

*

शेजारच्या शांतामावशींच्या कुत्रीला कानामागं जट झाली होती. जटेला चक्क हळद-कुंकू लावलेलं!

"देवीची जट हाय. कात्री लावायची न्हाई."

"मंग कावून आनली, मावशी?"

"कान हलला की लई रडती गं."

मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. खोबरेल तेल आणि कंगव्याचं टोक घेऊन केस न केस मोकळा केला. कुत्रीनं झक्कपैकी कान झाडला आणि मावशींनी गल्लीभर पेढे वाटले.

आबांनी पेढा हातातच धरला. "कात्री लावलीच न्हाईस?"

"न्हाई, आबा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा पार्लरमध्ये आले. अर्धं शटर स्वतःच ओढलं, स्टुलावर बसले आणि फेटा उतरवला. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं डोकं मी उघडं पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला मनगटाएवढी जट होती!

मी खोबरेल आणि कंगवा घेतला.

जट सुटत आली तसे आबा म्हणाले, "सूनबाई, टबातला कोळी हाकल. पानी मी आनतो."